सड्यावरील वनस्पती आणि खाणीचा ताळेबंद

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणधारकांवर एक नवी अट घालण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. खाणकाम संपल्यानंतर खणलेल्या व बिघडलेल्या सर्व क्षेत्रावर पुन्हा गवत उगवले पाहिजे. चारा, इतर वनस्पती आणि प्राणिजीवन यांना आधार देऊ शकेल अशा स्थितीत ती जमीन आणली पाहिजे, आणि हा खर्च खाणधारकानेच सोसला पाहिजे, असे त्या आदेशाचे सार आहे. वरकरणी ही अट साधी वाटते. कारण गवत तर कोठेही उगवते, अशी आपली समजूत असते. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर बॉक्साइट काढून झाल्यानंतर उघड्या पडलेल्या जमिनीवर पावसाळ्यामागून पावसाळे उलटले तरी गवताची काडी उगवत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या अटीचे मोल कळेल. ती पाळावयाची तर कोणते गवत, कोठून आणावयाचे, किती वर्षांनी आणि कोणाच्या पैशाने, हे प्रश्न क्रमाने उभे राहतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांना त्यांची उत्तरे शोधणे टाळता येणार नाही.

याचे कारण या जिल्ह्यांच्या पश्चिम सीमेवरच उभे आहे. महाबळेश्वरपासून कास, कोयना, चांदोली असे दक्षिणेकडे जाताना सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या खडकाची सपाट पठारे लागतात. त्यांनाच पुढे सडा म्हणतात. चांदोली राष्ट्रीय उद्यानातील झोळंबीचा सडा हा त्यांपैकीच एक. लक्षावधी वर्षांच्या पावसाने काळ्या खडकातील इतर द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व अॅल्युमिनियम तेवढे मागे ठेवले. जेथे अॅल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले तेथे बॉक्साइट तयार झाले. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात ते अनेक वर्षे काढले गेले आहे, आणि सातारा जिल्ह्यातील साठ्यांची नोंदही भूगर्भशास्त्रज्ञांनी केलेली आहे. याच माथ्यावर कृष्णा, कोयना आणि वारणा उगम पावतात. कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वरच्या सड्यावर जे घडेल ते आज ना उद्या खालच्या मळ्यापर्यंत येणारच.

मातीत नेमके काय बिघडते?

धातूंनी दूषित जमीन म्हटले की शिसे, पारा, आर्सेनिक अशी नावे डोळ्यांपुढे येतात. सह्याद्रीतील बॉक्साइटच्या खाणीची कथा निराळी आहे. येथे बाहेरून विष येत नाही. मातीच्या अंगी असलेला धातूच तिचा वैरी होतो. सड्यावरील माती बोटभर जाडीची असली तरी तिच्यात गवताच्या मुळ्या, कुजलेल्या पानांचा अंश आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. कुजलेल्या द्रव्याशी अॅल्युमिनियम बांधले जाते व निरुपद्रवी राहते. खाणीचे यंत्र हा थर प्रथम खरवडून बाजूस टाकते. उघड्या पडलेल्या आम्लधर्मी थरातील अॅल्युमिनियम पाण्यात विरघळू लागते आणि कोवळ्या मुळांची टोके जाळून टाकते. त्यामुळे रोप खोल जाऊ शकत नाही व पहिल्याच उन्हाळ्यात वाळते. त्याच वेळी लोह व अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात आणि उपाशी रोपट्याची अधिकच उपासमार होते. जेथे मँगनीज विपुल आहे तेथे तेही या विषात भर घालते.

यात पाण्याचे नुकसान मिळवावे लागते. जांभ्याचा थर सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात तो पाणी मुरवून घेतो आणि सड्याच्या पायथ्याच्या झऱ्यांतून ते सावकाश सोडतो. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतील डोंगरी वाड्यांना अशा झऱ्यांचे महत्त्व सांगावयास नको. हा थर काढला की पाणी मुरण्याऐवजी वाहते आणि लाल गाळ घेऊन ओढ्यात उतरते.

वनस्पतींचे सामर्थ्य आणि मर्यादा

अशा जमिनीवर वनस्पतींकडून उपचार करून घेण्याची कल्पना गेल्या अर्धशतकात शास्त्राच्या कक्षेत आली. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर निकेलयुक्त जमिनीत वाढणारे एक झाड आहे. त्याचा चीक निळसर हिरवा असतो आणि तो वाळवला असता त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेलचाच भरतो, असे १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अशा धातुसंचयी वनस्पतींसाठी शास्त्रीय संज्ञा रूढ झाली. २००१ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी आर्सेनिक शोषून पानांत साठवणारे एक नेचे उजेडात आणले; तेच नेचे भारतात जुन्या भिंतींच्या फटींतून सहज उगवलेले दिसते. या शोधांनंतर झाडे लावा आणि जमीन धुऊन काढा, असा उत्साह जगभर पसरला.

उत्साहाला अंकगणिताची जोड मात्र द्यावी लागते. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या २० सेंटिमीटर थरातील मातीचे वजन स्थूलमानाने २,५०० टन धरता येईल. त्या मातीत किलोमागे १ ग्रॅम धातू अधिक आहे असे समजू. म्हणजे काढावयाचा धातू २,५०० किलो झाला. हेक्टरी ५ टन कोरडा पाला देणारी एखादी वनस्पती दर किलो पाल्यात १ ग्रॅम धातू साठवीत असेल, तर वर्षाला ५ किलो धातू निघेल आणि जमीन स्वच्छ होण्यास ५०० वर्षे लागतील. याच्या दहापट धातू साठवणारी दुर्मिळ वनस्पती मिळाली तरी ५० वर्षे लागतील. शिवाय धातू कमी होत गेला म्हणजे शोषणाचा वेगही मंदावतो. सह्याद्रीच्या जांभ्यात तर अॅल्युमिनियम किलोमागे ग्रॅमच्या हिशेबात नसतेच. तो त्या खडकाचा पिंडच आहे. तो धातू झाडांकरवी उपसून काढण्याची भाषा येथे निरर्थक ठरते.

येथे वनस्पतींकडून अपेक्षा करावयाची ती वेगळ्या कामाची. मुळांच्या जाळ्याने माती धरून ठेवावी, पानगळीने कुजलेल्या द्रव्याचा थर पुन्हा घडवावा, त्या थराने विरघळलेला धातू बांधून टाकावा आणि गाळ ओढ्यात जाण्याचे थांबवावे. ही कामे झाडे निश्चितपणे करतात. त्यास अर्धे शतक लागत नाही. परंतु दोन-तीन वर्षांच्या ठेक्यात बसणारी ती कामे नव्हेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

घरचे वैद्य

या कामाला कोणती झाडे योग्य, हे विचारण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. महाबळेश्वरच्या जंगलाचे वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ अंजन, जांभूळ व पिसा यांचे जंगल असे करतात. यातील अंजन म्हणजे खानदेशातील पानझडी अंजन नव्हे. दाट हिरव्या पानांचे व निळ्या फुलांच्या गुच्छांचे ते ठेंगणे झाड होय. अंजनाचे कूळ आणि लोध्राचे कूळ ही दोन्ही अॅल्युमिनियम पानांत साठवणाऱ्या वनस्पतींत गणली जातात. एक किलो कोरड्या पानांत १ ग्रॅमहून अधिक अॅल्युमिनियम सापडले म्हणजे ती वनस्पती या वर्गात मोडते. आपल्या नित्याच्या चहाचे झुडूपही त्यातलेच. जुन्या रंगाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु कपड्यावर रंग पक्का बसविण्यासाठी तुरटीऐवजी लोध्र चालतो हे त्यांना माहीत होते. तुरटी हे अॅल्युमिनियमचेच क्षार, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अनुभवामागील कारण उलगडते.

झाडांच्या आधी गवते व लहान वनस्पती येतात. कासच्या पठारावर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. गेंद, सोनकी, तेरडा, कवला, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी, पाण्याच्या डबक्यात उगवणारा आणि शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव धारण करणारा वायतुरा, ही मंडळी सहलीला आलेल्यांना फुलांमुळे आवडतात. खाणीच्या दृष्टीने त्यांचा गुण निराळाच आहे. जेथे माती नाममात्र, पोषण तुटपुंजे आणि धातू अपार, तेथे ती युगानुयुगे तग धरून आहेत. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांनी तर मातीत नत्र मिळत नाही म्हणून कीटक पकडण्याची विद्या साध्य केली. एवढी कसोटीला उतरलेली बियाणी कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होणारी नाहीत.

डोंगरउतारावर वाळा आणि सुगंधी गवतांचाही उपयोग होण्यासारखा आहे. वाळ्याची मुळे खोल व घट्ट जातात; खाणींच्या ढिगाऱ्यांवर तो जगातील अनेक देशांत लावला गेला आहे. एके काळी खानदेशातून ज्याच्या तेलाचा व्यापार चाले त्या रोशा गवताचा आणखी एक लाभ असा की, धातू पाल्यात राहतो, ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात तो जवळजवळ उतरत नाही. त्यामुळे जमीन सावरत असताना थोडे उत्पन्नही मिळू शकते. मात्र धातू साठवणारा पाला गुरांच्या दावणीत जाता कामा नये. त्यासाठी राखण लागते आणि राखणीला मजुरी लागते.

गुमगावचा धडा, गोव्याचा इशारा

हे सर्व कागदावरचे नाही याचा पुरावा विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीजच्या खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, जैविक पद्धतीने झाडे वाढविण्याचा प्रयोग केला. नुसते खड्डे खणून रोपे लावली असती तर ती मेली असती. म्हणून खड्ड्यांत साखर कारखान्यातील प्रेसमड घालण्यात आले, नत्र मिळवून देणारे जीवाणू घालण्यात आले आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीची जोड देण्यात आली. या बुरशीचे तंतू मुळांना दूरचे स्फुरद आणून देतात आणि धातूचा मारा काही अंशी स्वतःवर झेलतात. ओसाड ढिगाऱ्यांवर हिरवाई उभी राहिली.

या प्रयोगातील प्रेसमड हा शब्द सातारा-सांगलीच्या वाचकाला परका नाही. १०० टन ऊस गाळला की सुमारे ३ ते ४ टन प्रेसमड निघते. त्यात सेंद्रिय द्रव्य, चुना आणि स्फुरद असते. आम्लधर्मी व अॅल्युमिनियमयुक्त मातीला नेमके हेच हवे असते. भुईंज, रेठरे, साखराळे, कुंडल, चिखली या गावांतील कारखान्यांपासून सह्याद्रीचा माथा काही शेकडो मैल दूर नाही. अर्थात प्रेसमड आता फुकट राहिलेले नाही. त्याचे खत होते, त्यापासून वायू निर्माण करण्याचे उद्योगही निघाले आहेत. तेव्हा ते घाटमाथ्यावर नेण्याचा खर्च व त्याची किंमत ही दोन्ही खाणीच्या हिशेबात धरावी लागतील. आणखी एक पथ्य असे की, हे खत खणून काढलेल्या जमिनीवरच घातले जावे. शाबूत सड्यावर ते टाकल्यास उपाशीपोटी जगण्याची सवय असलेल्या वनस्पती हटतील आणि तण माजेल.

याच्या उलट उदाहरण गोव्याचे. तेथे लोहखनिजाच्या दर टनामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघत असे आणि तिचे डोंगर रचले गेले. डिचोली परिसरातील भातशेतीत या ढिगाऱ्यांचा गाळ उतरला. ते झाकण्यासाठी लवकर वाढणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. तिने उतार धरून ठेवला आणि मातीला नत्रही दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिचा जाड पाला सावकाश कुजतो आणि तिच्या सावलीत देशी झाडोरा सहजासहजी येत नाही. दुरून हिरवा दिसणारा ढिगारा म्हणजे पूर्ववत झालेले रान, असा गैरसमज त्यातून बळावला. परकी झाडे लावण्याचे मूळ कारण ती स्वस्त व जलद, हेच होते.

खर्च कोणी सोसावा?

येथे प्रश्न वनस्पतिशास्त्राचा राहत नाही, अर्थशास्त्राचा होतो. खनिज आज विकले जाते, नफा आज वाटला जातो आणि जमीन सुधारण्याचा खर्च उद्यावर टाकला जातो. द. सा. द. शे. ८ व्याजाचा दर धरला तर ५० वर्षांनंतर खर्चावयाच्या १०० रुपयांचे आजचे मोल सुमारे २ रुपये १३ पैसे होते. एवढी क्षुल्लक रक्कम कोणत्याही उद्योजकाच्या निर्णयावर परिणाम करीत नाही. यात त्याचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. व्याजाचे गणितच तसे आहे. म्हणूनच हा खर्च भविष्यकाळाच्या वचनावर न सोडता खणण्यापूर्वीच वसूल केला पाहिजे.

आपल्या कायद्यात याची बीजे आहेत. खाण बंद करण्याच्या योजनेसोबत आर्थिक हमी द्यावी लागते. २०१७ च्या नियमांनुसार ती खाणीच्या वर्गाप्रमाणे हेक्टरी ३ लाख वा २ लाख रुपये होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ५ लाख व ३ लाख झाली. परंतु माती साठवणे, देशी बियाणे गोळा करणे, रोपवाटिका चालविणे, प्रेसमड वाहून नेणे आणि दहा-पंधरा वर्षे राखण करणे, एवढे सारे या रकमेत भागेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या १० टक्के, तर जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के रक्कम त्यांत जमा होते. याहून मूलगामी विचार २१ एप्रिल २०१४ च्या गोव्यासंबंधीच्या निकालात दिसतो. खनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी स्थायी निधीत टाकावी, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. खनिज हे उत्पन्न नसून भांडवल आहे, ते विकले म्हणजे घरातील सोने मोडल्यासारखे होते, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

सांगली जिल्ह्याला बिघडलेल्या जमिनीची किंमत वेगळ्या मार्गाने कळली आहे. कृष्णाकाठी उसाला अमाप पाणी देऊन चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या. ज्या पाण्याने एका पिढीला सुबत्ता दिली त्याच पाण्याने पुढच्या पिढीला जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालण्याचा खर्च दिला. तेथे निदान नफा आणि नुकसान एकाच घरात राहिले. खाणीत नफा एकाचा आणि ओसाड डोंगर दुसऱ्याचा, अशी वाटणी होते.

औषध आणि परवाना

या विषयात सर्वांत मोठा धोका आहे तो युक्तिवादाच्या दुरुपयोगाचा. झाडे लावून जमीन सुधारता येते असे एकदा सिद्ध झाले की, मग खणावयास हरकत काय, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. वनस्पतींनी सावरलेली खाण म्हणजे पूर्वीचा सडा नव्हे. गाळ थांबेल, गवत येईल, काही झाडे वाढतील; परंतु पाणी मुरविणारा जांभ्याचा थर परत येणार नाही. त्या थरावरील डबकी आणि त्यांतील वायतुराही पुन्हा दिसणार नाही. शिवाय उपचाराचे बियाणे ज्या सड्यावरून आणावयाचे तोच खणला गेला तर उपचार कशाने करणार? पेढीतील मुद्दल खर्च करून व्याजाची आशा धरण्यासारखे ते होईल.

म्हणून शाबूत सडे राखणे हा या संपूर्ण योजनेचा पाया आहे. कास पठार, कोयना व चांदोली यांचा २०१२ मध्ये राधानगरीसह जागतिक वारशात समावेश झाला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटातील खाणकामाला आवर घालण्याची शिफारस केली. त्यानंतर संवेदनक्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे एकामागून एक निघत राहिले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. मसुदे निघत असताना डोंगर थांबलेला असतो, यंत्र थांबेलच असे नाही. दरम्यान कासच्या परिसरातील गावकऱ्यांनी फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेऊन राखण करण्याची व्यवस्था उभी केली आणि शाबूत सडा दरवर्षी काही उत्पन्न देऊ शकतो हे दाखवून दिले. तिच्यात उणिवा असतील, पण मुद्दल न मोडता व्याजावर जगण्याचा तो एक मार्ग आहे.

जेथे खाणकाम होऊन गेले आहे तेथे मात्र हात बांधून बसणे योग्य नाही. कोल्हापूर, सातारा व सांगली यांची विद्यापीठीय गरज भागविणारे शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून उभे आहे. तेथील वनस्पतिशास्त्र व जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी सह्याद्रीतील वनस्पतींवर, आणि वनस्पतींकरवी कापडगिरण्यांतील रंगांचे विघटन करण्यावरही, काम केलेले आहे. वनखाते, विद्यापीठ आणि डोंगरी गावे यांनी मिळून सड्याकाठी देशी वनस्पतींच्या रोपवाटिका काढाव्यात. बी गोळा करताना मूळ सडा ओरबाडला जाणार नाही याचे नियम असावेत. खाणीच्या वरची माती वेगळी साठवून ती शक्य तितक्या लवकर परत पसरण्याची सक्ती असावी. कारण त्या मातीतच पुढच्या गवताचे बी आणि बुरशीचे तंतू असतात. आर्थिक हमीची रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या अंदाजावर ठरावी आणि ती झाडे लावल्याच्या दिवशी परत न देता, देशी झाडोरा आपोआप रुजू लागल्याची पाहणी झाल्यावरच टप्प्याटप्प्याने सोडावी. त्या पाहणीत झऱ्याखालच्या गावाचा प्रतिनिधी असावा.

या सूचनांमुळे बॉक्साइट महाग होईल, अशी तक्रार येईल. ती खरी आहे, आणि ते इष्टही आहे. आजवर ते स्वस्त वाटत आले, कारण त्याच्या किमतीचा एक भाग डोंगराने, झऱ्याने आणि खालच्या शेताने भरला. अंजनाचे झाड हा भाग भरून काढू लागेल तेव्हा त्याला जागा, माती आणि वीस-पंचवीस वर्षांचा अवधी लागेल. एवढा खर्च ज्या खनिजाला पेलवत नाही, ते डोंगराच्या पोटातच राहू द्यावे, हाच ताळेबंदाचा अर्थ होतो.